‘३० टक्के फरक’ नेमका कशाचा? भिंत, दार आणि पायरी मोजताना

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ अभियंत्याचा आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या दुरुस्तीचं काम चालू आहे आणि निविदेत एक ओळ आहे: भिंत व दार, तसंच पायरी व तिची कड यांत किमान ३० टक्के कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणाचा फरक, असावा. ठेकेदाराने रंगाचं शेडकार्ड पुढे केलं. भिंत ७२, दार ३८, फरक ३४, म्हणजे पास. अभियंत्याने लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, नेऊन मोजलं. भिंत ६६, दार ३८, फरक २८, म्हणजे नापास. बिल अडकलंय. पायऱ्या शहाबादीच्या आणि कडेला लाल ऑइलपेंटचा पट्टा आहे. तो कसा मोजायचा हे दोघांनाही ठाऊक नाही. विचारलंय एवढंच, की कोणाचा आकडा खरा धरायचा.

माझं मत सांगतो. दोघांचेही आकडे चुकलेत, दार काठावर पास होतंय, आणि ज्या पायरीबद्दल कोणी भांडत नाही तीच नापास आहे.

आधी तो आकडा काय असतो ते बघू. शेडकार्डवर छापतात तो एलआरव्ही, म्हणजे लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू. पृष्ठभागावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फिरतो, तेही डोळ्याला जो उजेड जास्त जाणवतो त्याला जास्त वजन देऊन, त्याचं हे माप. शून्य म्हणजे निव्वळ काळं, शंभर म्हणजे निव्वळ पांढरं. प्रत्यक्षात दोन्ही टोकं सापडत नाहीत. नवा चुना ऐंशीच्या वर जातो, पॉलिश केलेला कडप्पा पाच-सातवर असतो, गेरू बारा-पंधराच्या आसपास. हे माप घ्यायची रीत बीएस ८४९३ या २००८ च्या ब्रिटिश मानकात घालून दिलेली आहे: स्पेक्ट्रोफोटोमीटर हे रंग मोजायचं यंत्र, त्यात आतून पांढरा पोकळ गोल, आणि दिवसाच्या उजेडासारखा ठरावीक प्रमाण प्रकाश. म्हणजे शेडकार्डवरचा ७२ खोटा नसतो. तो नीट दोन हात दिलेल्या, कोरड्या, स्वच्छ नमुन्याचा असतो. तुमच्या भिंतीवर जुन्या पिवळ्यावर पाणी मारलेला एक हात बसला असेल, तर तिथे ६६ येणं मला अगदी खरं वाटतं. त्यामुळे भिंतीपुरता तुमचा आकडा धरा.

दाराचा मात्र तुमचा ३८ मला पटत नाही. लक्समीटरने परावर्तन काढायची पद्धत आपण सगळेच वापरतो: आधी मीटर भिंतीला टेकवून बाहेर तोंड करून पडणारा उजेड घ्यायचा, मग तोच मीटर उलटा करून वीसेक सेंटिमीटरवरून भिंतीकडून येणारा घ्यायचा, दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. तुमच्या भिंतीवर २४० लक्स पडत होता आणि १५८ परत येत होता, म्हणून ६६. मोठ्या, मॅट भिंतीला ही पद्धत चालते. पण मीटरचा तो पांढरा घुमट फक्त समोरचं बघत नाही, जवळजवळ अख्ख्या अर्धगोलातून उजेड गोळा करतो. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दारापुढे वीस सेंटिमीटरवर धरलात तर दहा-पंधरा टक्के उजेड बाजूच्या क्रीम भिंतीचा शिरतो. तेवढा वजा केला की दार ३४ च्या आसपास येतं. ६६ वजा ३४, फरक ३२. काठावर पास होणारा ठेकेदार तुमच्या मीटरच्या चुकीमुळे नापास ठरत होता, आणि तो स्वतः ज्या आकड्यावर अडून बसलाय तोही बरोबर नाही. पाच सेंटिमीटरच्या नोझिंगला, म्हणजे पायरीच्या कडेच्या पट्ट्याला, तर ही पद्धत लावूच नका, तिथे मीटर पट्टा सोडून बाकी सगळं मोजतो.

आता पुढचा घोळ, आणि हा निविदा लिहिणाऱ्याचा आहे. ‘३० टक्के’ म्हणजे कशाचे टक्के? जगात किमान चार हिशेब चालतात. ब्रिटनमध्ये सरळ वजाबाकी करतात, एलआरव्हीत ३० गुणांचा फरक हवा म्हणतात. ऑस्ट्रेलियाचं मानक ३० टक्केच म्हणतं, पण बोमन-सॅपोलिन्स्की सूत्राने: फरकाला १२५ ने गुणायचं आणि दोघांच्या बेरजेत २५ मिळवून भागायचं. जर्मन डीआयएन ३२९७५ मायकेलसनचं सूत्र घेतं, फरक भागिले बेरीज, आणि वाट दाखवणाऱ्या गोष्टींना ०.४, धोक्याच्या जागांना व अक्षरांना ०.७ मागतं. अमेरिकेच्या १९९१ च्या जुन्या नियमांच्या परिशिष्टात ७० टक्क्यांची शिफारस होती, तीही फरक भागिले उजळ बाजू या हिशेबाने.

तुमचं दार या चारही हिशेबांतून काढू. ब्रिटिश ३२ गुण, पास. ऑस्ट्रेलियन ३२ टक्के, पास. मायकेलसन ०.३२, जर्मनीत नापास. अमेरिकन ४८ टक्के, नापास. एकच भिंत, एकच दार.

‘३० गुण’ या वजाबाकीवर माझा फारसा भरवसा नाही, त्याचं कारण दोन जोड्यांत दिसतं. ८० आणि ५० घ्या, मग ३५ आणि ५ घ्या. वजाबाकी दोन्हीकडे ३०. पण पहिली जोडी म्हणजे पांढऱ्या भिंतीवर फिकट राखाडी दार, मोतीबिंदू झालेल्या आजोबांना ते विरघळलेलं दिसणार. दुसरी म्हणजे करड्या दगडावर काळी पट्टी, ती ठसठशीत दिसते. मायकेलसनने पहिली ०.२३ येते, दुसरी ०.७५. डोळा उजेडाची वजाबाकी करत नाही, एक दुसऱ्याच्या किती पट उजळ आहे ते बघतो. दिव्याखाली आणि सावलीत आपल्याला एकच साडी एकाच रंगाची वाटते ती याच कारणाने.

मायकेलसनलाही एक खोड आहे. २ आणि ६ असे दोन्ही काळे दगड घेतले तर सूत्र ०.५ दाखवतं, आणि माणूस तिथे ठेच खातो. म्हणून मी निविदेत नेहमी दोन अटी घालतो: प्रमाण अमुक असावं, आणि उजळ बाजूचा एलआरव्ही किमान ५० असावा. दुसरी अट लिहिली नाही तर ठेकेदार ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट लावून मोकळा होतो. झालेलं आहे.

मोजायचं कशाने? तालुक्याच्या गावात स्पेक्ट्रोफोटोमीटर कुठून आणणार. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रंगविक्रेत्याकडे कधीकधी रंग जुळवायचं यंत्र असतं. सुट्टा नमुना नेला तर ते ‘एल’ मूल्य देतं, म्हणजे रंग डोळ्याला किती उजळ वाटतो त्याचा आकडा, पण ते एलआरव्ही नव्हे. एल ५० म्हणजे एलआरव्ही १८, ६० म्हणजे २८, ७० म्हणजे ४१, ८० म्हणजे ५७, ९० म्हणजे ७६. एका साइटवर एल ५० ला एलआरव्ही ५० समजून अख्ख्या वॉर्डाची दारं रंगवलेली मी पाहिली आहेत. मोबाइलच्या फोटोतही हाच घोटाळा होतो: ० ते २५५ मधला १२८ हा आकडा निम्मा उजेड वाटतो, प्रत्यक्षात तो २१-२२ टक्के असतो. शिवाय मोबाइल स्वतःच्या मनाने सावल्या उजळवतो. मोबाइलवर काढलेल्या कॉन्ट्रास्टच्या आकड्यावर मी सही करत नाही.

मग गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला गाठा. त्याच्या कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग असतं, म्हणजे फ्रेमच्या मधल्या छोट्याशा वर्तुळातलाच उजेड तो मोजतो. आयएसओ आणि अ‍ॅपर्चर बांधून ठेवायचं, वर्तुळ पूर्ण भिंतीवर नेऊन शटरचा वेग टिपायचा, मग पूर्ण पट्टीवर. भिंतीला साठावा भाग आणि पट्टीला तिसावा भाग सेकंद आला, तर पट्टी निम्मी उजळ. फोटोग्राफर याला एक स्टॉपचा फरक म्हणतात. एक स्टॉप म्हणजे मायकेलसन ०.३३. दीड स्टॉप ०.४८. दोन स्टॉप ०.६. अडीच स्टॉप ०.७. एवढे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दारांना दीड स्टॉप, पायरीच्या कडेला अडीच स्टॉप, हा माझा निकष आहे. दोन्ही पृष्ठभागांवर उजेड सारखा पडत असेल तर हे गुणोत्तर एलआरव्हीचंच गुणोत्तर असतं. सारखा नसेल तर? तर उलट बरंच, कारण माणसाच्या डोळ्यात तोच असमान उजेड जाणार आहे. उजळ बाजू ५० च्या वर आहे का हे बघायला एक साधा पांढरा कागद शेजारी धरा. चांगला कोरा कागद ८० च्या आसपास असतो. कागद आणि भिंत यांत पाऊण स्टॉपपेक्षा जास्त फरक आला तर भिंत पन्नासच्या खाली गेली समजा.

आता पायऱ्या. दारासाठी एवढं मोजमाप केलं, पण माणूस पडतो तो पायरीवर.

शहाबादी फरशी कोरडी असताना माझ्या मोजण्यांत २८ ते ३२ येते. ऐकायला गडद वाटते, पण एल मूल्याने ती साठीच्या आसपास, म्हणजे अगदी मधली. मधल्या दगडाची अडचण अशी, की त्याच्यावर काळं लावा नाहीतर पिवळं, दोन्हीकडे पल्ला अर्धाच मिळतो. लाल ऑइलपेंट लावला तर तोही नाही. तुमच्या लाल पट्ट्याचा एलआरव्ही बारा-पंधराच्या आसपास असणार. शहाबादी ३०, पट्टा १४: मायकेलसन ०.३६, आणि उजळ बाजू पन्नासच्या खूप खाली. आपल्याला तो उठून दिसतो तो लाल आहे म्हणून. ज्याला लाल-हिरवं वेगळं कळत नाही त्याला फक्त उजळपणाचा फरक मिळतो. कमी उजेडात तर आपल्यालाही लाल रंग काळपट दिसतो. दिवेलागणीला जास्वंद काळी पडते, तसंच.

एका साइटवर मिस्त्री माझ्यावर हसला होता. “दिसायलंय की सायेब, एवढा लालभडक पट्टा मारलाय!” मी वाद घातला नाही. बॅगेत धुरकट प्लास्टिकची एक फाइल होती, ती दुहेरी करून त्याच्या डोळ्यांपुढे धरली आणि जिन्याच्या वरच्या टोकाला उभं केलं. हात धरून ठेवला होता, नाहीतर तो खाली गेला असता. तो थांबला, पायाने चाचपडला आणि म्हणाला, “पायरीच न्हाई दिसंना.” भारतात पन्नाशीपुढच्या माणसांतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू आहे, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला जग साधारण त्या फाइलसारखं दिसतं. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या शिबिराला येणारा माणूस याच जिन्यावरून चढून येतो, हे विसरू नका.

त्यात पाऊस. खरखरीत दगड ओला झाला की गडद होतो, कारण छिद्रांतल्या पाण्यामुळे उजेड आतल्या आत जास्त वेळा फिरतो आणि जिरतो. तीस असलेली शहाबादी ओली झाली की मला चौदाच्या आसपास मिळाली आहे. रंगाचा पट्टा मात्र ओला होऊन फारसा बदलत नाही. म्हणजे तुमचा चौदाचा लाल पट्टा आणि चौदाची ओली फरशी! जुलैत त्या जिन्यावर पट्टा उरतच नाही. माझ्याच हातून एकदा असं झालं आहे. बावीसच्या कोटा दगडावर सहाच्या गडद तपकिरी पट्ट्या मी मार्चमध्ये मोजून पास केल्या होत्या, आणि पहिल्या पावसात एका आजीचा पाय तिथेच चुकला. तेव्हापासून बादलीभर पाणी ओतल्याशिवाय मी जिना मोजत नाही.

पिवळा पट्टा उलट वागतो. पिवळा ६० आणि कोरडी शहाबादी ३० असेल तर ०.३३, म्हणजे बेताचं. पण फरशी ओली होऊन १४ वर आली की तेच प्रमाण ०.६२ होतं. पावसात पिवळा सुधारतो. मग सगळीकडे पिवळाच का लावत नाही? कारण मराठवाड्यात वर्षातले आठ महिने पाऊस नसतो, धूळ असते. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या गावात जिना पुसायला पाणी कोण देणार? धुळीने पिवळा चाळिशीवर उतरतो, फरशी आहे तिथेच राहते, आणि तुमचं प्रमाण ०.१५ च्या खाली जातं. जून लागला की काळ्या रानातला चिखल चपलांना चिकटून येतो, तो आधी पायरीच्या कडेलाच पुसला जातो.

त्यामुळे शहाबादीवर मी जोडपट्टी घेतो: कडेला ५० मिलिमीटर पिवळी, तिच्या लगत मागे तेवढीच काळी. कॉन्ट्रास्ट पट्टी आणि दगड यांच्यात शोधायचाच नाही, पट्टीच्या दोन भागांत ठेवायचा. ६० आणि ६ घेतलं तर ०.८२. धुळीने पिवळी ४० आणि काळी १२ झाली तरी ०.५४ उरतो. ओलं, कोरडं, धुळकट, तिन्ही वेळेला कड हाती लागते. रंगाची पट्टी वर्षभरात झिजते, म्हणून दगडात खाच पाडून बसवायची खडबडीत पट्टी घ्या. खर्च जास्त येतो, पण दरवर्षी रंग मारायला कोणी येणार नाही हे मी आणि तुम्ही दोघेही जाणतो.

चकाकीबद्दल थोडं, कारण तुमच्याकडे दर्शनी भागात व्हिट्रिफाइड टाइल आणि काळी ग्रॅनाइटची बॉर्डर आहे असं फोटोवरून दिसतं. कागदावर ती बॉर्डर उत्तम आहे, टाइल ७०, ग्रॅनाइट ५. पण पॉलिश पृष्ठभाग सरळ वरून बघितला तर आरशासारखा चारेक टक्के उजेड परत देतो, आणि आडव्या नजरेने, जमिनीशी पंधरा अंशांवरून बघितला तर पंचवीसेक टक्के. व्हरांड्यातून चालत येणारा माणूस सहा मीटर पुढची फरशी याच कोनातून बघतो. समोर दार उघडं असेल आणि बाहेर उन्हाळ्याचं ऊन असेल, तर त्या काळ्या बॉर्डरवर आकाशच सांडलेलं दिसतं. काळं पांढरं होतं. म्हणून चकचकीत जागा उभं राहून, येणाऱ्याच्या बाजूने, दुपारी बारा-एकला मोजा. बाहेर लाखभर लक्स आणि आत शंभर, अशा ठिकाणी म्हातारा डोळा सरावायला कितीतरी वेळ घेतो, तेवढ्यात उंबरा ओलांडून झालेला असतो. दर्शनी ओट्यावर पत्र्याची शेड टाकली तर मधला उजेड मिळतो. एखाद्या वेळी रंगापेक्षा पत्रा जास्त उपयोगी पडतो.

दाराच्या बाबतीत एक सुचवतो. दाराची कवाडं रंगवण्यापेक्षा चौकट गडद करा. रुग्णालयात कवाडं बहुतेक वेळ उघडी, भिंतीला टेकलेली असतात. तेव्हा दिसायला हवी ती मोकळी जागा, आणि ती फक्त चौकटच दाखवते. ६६ च्या भिंतीवर १२ ची चौकट दिली तर ०.६९ मिळतं. एका डब्यात काम होतं.

कायद्याचा आधार विचारला होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आहे, त्याचे नियम २०१७ चे, आणि केंद्राची सार्वत्रिक सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे काही किमान निकष निव्वळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. पुढच्या निविदेत तुम्ही जे लिहाल ते त्यामुळे कोणी ‘शोभेची अट’ म्हणून बाजूला सारू शकणार नाही. म्हणून नीट लिहा: कोणतं सूत्र, किती प्रमाण, उजळ बाजू किमान किती, मोजमाप काम पूर्ण झाल्यावर जागेवर, पायरी कोरडी आणि ओली दोन्ही, चकचकीत जागा चालण्याच्या दिशेने, दर ठिकाणी तीन वाचनं आणि त्यातलं सर्वांत कमी ग्राह्य.

आत्ताच्या बिलाचं म्हणाल तर दारांचं सोडा. तुमच्या निविदेत सूत्रच नाही, ३२ वर त्याला अडवलंत तर उद्या तोच तुम्हाला ऑस्ट्रेलियाचं मानक दाखवेल. चौकटी गडद करायला सांगा, नाही म्हणणार नाही. जिन्याची रक्कम मात्र थांबवा. एका सकाळी ठेकेदाराला, मिस्त्रीला आणि ओपीडीच्या रांगेतल्या कोणा आजोबांना घेऊन जिन्यापाशी उभे राहा, तीन पायऱ्यांवर पाणी ओता, आणि फोटोग्राफरला वाचन घ्यायला सांगा.